वर्गातलं रेकॉर्डिंग: फोन, वननोट की ऑडासिटी?

तासाभराचं लेक्चर रेकॉर्ड केलं की परीक्षेआधी ते पुन्हा तासभर ऐकावं लागतं. विषय पाच-सहा असले की कुणी ऐकत नाही. म्हणून आवाज किती छान येतो यापेक्षा वहीतल्या ओळीवरून रेकॉर्डिंगमधल्या नेमक्या मिनिटाला किती पटकन पोचता येतं, ते आधी बघा.

फोनमधला रेकॉर्डर
वही-पेनवाल्यांना हाच पुरतो. काही निसटलं की समासात फक्त मिनिट-सेकंद टाकायचे: '२३:४०, सिद्धतेची दुसरी पायरी'. घरी वीस सेकंद मागून तेवढंच ऐकायचं.

बिघडतं ते बसण्याच्या जागेमुळे. अंतर दुप्पट झालं की सरांचा थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, डोक्यावरच्या पंख्याची घरघर मात्र तेवढीच राहते. मागच्या बाकावर कुठलंही ॲप कामाचं नाही. बहुतेक फोनचा माइक खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो. ती कड फळ्याकडे करा. फोनखाली घडी घातलेला रुमाल ठेवा, नाहीतर शेजाऱ्याने पेन टेकवलं तरी 'ठक्' ऐकू येतं. एअरप्लेन मोड लावा, कारण मधेच कॉल आला की रेकॉर्डिंग थांबू शकतं. बॅटरी सेव्हरही बंद ठेवा.

रेकॉर्डिंग ६४ केबीपीएस मोनोमध्ये (एकच चॅनेल, लहान फाइल) ठेवलं तर तासाला साधारण २९ एमबी लागतात. तेच स्टिरिओ वेव्हमध्ये (दोन चॅनेल, आवाज न दाबता साठवलेली फाइल) ६३५ एमबीच्या घरात जातं, आणि भाषणासाठी त्याचा काही उपयोग नाही.

वननोट
मायक्रोसॉफ्टचं हे टिपणांचं ॲप लॅपटॉपवर टाइप करणाऱ्यांसाठी. विंडोजवर 'इन्सर्ट'मधून ऑडिओ रेकॉर्डिंग सुरू केलं की टाइप केलेली ओळ त्या क्षणाला जोडली जाते; नंतर ओळीशेजारच्या खुणेवर क्लिक केलं की तिथूनच ऐकू येतं. समासातला हिशेब वाचतो. पण लॅपटॉपचा माइक कीबोर्डच्या शेजारीच, त्यामुळे खटखट सरांपेक्षा मोठी येते. साधा यूएसबी माइक थोडा लांब ठेवला की फरक पडतो. इतिहास, अर्थशास्त्राला झकास. सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात गणिताच्या तासाला समीकरणं टाइप करत बसलात तर फळा पुसून होईल. पेनचा सॅमसंग टॅब असेल तर सॅमसंग नोट्समध्ये हाताने लिहिलेलंही असंच आवाजाशी जोडलं जातं.

ऑडासिटी
आवाज साफ करायचं, कापायचं हे कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर. फुकट आणि दमदार, पण वर्गात नव्हे, घरी. सर बोलत नसतानाचे दोन-तीन सेकंद निवडा, 'नॉइज रिडक्शन'मध्ये 'गेट नॉइज प्रोफाइल' दाबा, मग सगळं निवडून तोच इफेक्ट लावा. ६ ते १२ डेसिबल पुरे. त्यापुढे आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. पंखा कमी होतो, हॉलमधला घुमारा जात नाही. 'चेंज टेम्पो'ने वेग २५ टक्के वाढवला की तासाचं लेक्चर ४८ मिनिटांत बसतं आणि आवाजही चिरका होत नाही. मिरजेहून रोज बसने सांगलीत विश्रामबागला येणाऱ्यांच्या हे कामी येईल.

आपोआप मजकूर?
गुगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंग मराठी घेतं. मात्र 'डेरिव्हेटिव्ह काढला की स्लोप मिळतो' अशी मिसळ लांबून ऐकवली की गडबडतं. त्यापेक्षा इअरफोनवर ऐका आणि आपल्या शब्दांत व्हॉइस टायपिंगला सांगा. टिपण तयार होतं, उजळणीही होते.

काहीही निवडा, सरांना किंवा मॅडमना आधी विचारा. फाइल ग्रुपवर टाकू नका; शंका विचारणाऱ्या मुलामुलींचे आवाजही तिच्यात असतात.