किरीम्यूर: घरचा माग की गिरणी?

स्कॉटलंडच्या अँगस भागातलं किरीम्यूर हे एकेकाळी विणकरांचं छोटं गाव होतं. जाडंभरडं लिनन (जवसाच्या धाग्याचं कापड) विणणं हा तेव्हा इथला मुख्य धंदा. व्हिक्टोरियन काळात इथल्या विणकरापुढे दोन वाटा आल्या.

पहिली वाट घरच्या मागाची. खालच्या खोलीत माग, त्याच्या खटखटीतच चूल आणि पाळणा. नवरा धोटा (आडवं सूत नेणारं लाकडी साधन) फेकायचा, बायका-मुलं सुताच्या कांड्या भरायची. सूत व्यापाऱ्याचं, मजुरी नगावर, त्यामुळे भाव पडला की ताटातली ओटची लापशी पातळ व्हायची. पण वेळ स्वतःची होती! बटाटे काढायला माग थांबवता यायचा, विणता विणता शेजाऱ्याशी धर्मावर आणि राजकारणावर वाद घालता यायचा. हे स्वातंत्र्य मला फार मोठं वाटतं.

दुसरी वाट वाफेच्या गिरणीची. पगार ठरलेला, पण हवेत तंतूंची धूळ आणि कानठळ्या बसवणारा आवाज. १८५० च्या कारखाना कायद्याने गिरणीतल्या बायकांना शनिवारी दुपारी दोनला सुट्टी मिळाली. मुलांसाठी मात्र १८७२ चा शिक्षण कायदा मोलाचा: पाच ते तेरा वयाच्या मुलांना शाळा सक्तीची झाली. मी तेव्हा असतो तर माग धरला असता, पण पोटची पोरं उपाशी दिसताच गिरणीचा रस्ता पकडला असता.