टायमर: प्रत्येक सिस्टिमचा वेगळा, की सगळीकडे चालणारी लिबयूव्ही लायब्ररी?

लिनक्सवर चालणारा प्रोग्रॅम मॅक आणि विंडोजवर न्यायचाय, तर टायमरएफडीच्या (लिनक्सचा टायमर, जो फाइलसारखा वाचता येतो) जागी काय वापरू, असं एका मित्राने विचारलं.

मेहनत बघा. लिनक्सवर टायमरएफडी ईपोलला (एकाच वेळी अनेक गोष्टींची वाट बघायची लिनक्सची सोय) जोडला की झालं. फक्त टायमर वाजल्यावर त्यातले 8 बाइट वाचायचे, नाहीतर ईपोल तोच टायमर वाजल्याचं सांगत राहतं आणि लूप थांबायचं नावच घेत नाही. (मी यात एक दुपार घालवलीये.) मॅकवर ईपोलसारख्याच केक्यूमध्ये टायमरचा फिल्टर आयताच आहे, वाचायची भानगड नाही. खरी डोकेदुखी विंडोजची: तिथल्या वेटेबल टायमरला वेळ 100 नॅनोसेकंदांच्या एककात द्यायची, 'आतापासून इतक्या वेळाने' हवं तर उणे आकड्यात, आणि एका वेळी फार तर 64 हँडलांची (टायमर वगैरे गोष्टींना सिस्टिमने दिलेल्या खुणांची) वाट बघता येते.

लिबयूव्हीत हे सगळं एक-दोन फंक्शनांवर भागतं. अचूकता मात्र मिलिसेकंदापर्यंतच, आणि एखादा कॉलबॅक (टायमर वाजल्यावर चालणारं आपलं फंक्शन) रेंगाळला की पुढचे टायमरही उशिरा वाजतात. वर एक अवलंबित्व वाढतं, पण ते मला खुपत नाही.

नेटवर्क सर्व्हर किंवा साधं टूल असेल तर लिबयूव्हीच घ्या. एकाच सिस्टिमवर राहणार असाल किंवा मिलिसेकंदाहून बारीक वेळ हवी असेल, तर त्या-त्या सिस्टिमची मूळ फंक्शनं.