तामियाचा १/३५ जीएमसी ट्रक: एक पावसाळा काढल्यानंतर

तामिया या जपानी कंपनीचं अडीच टनी जीएमसी या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन ट्रकचं प्लॅस्टिक मॉडेल (किट क्रमांक ३५२१८, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचं) मी गेल्या दिवाळीनंतर रंगवून पूर्ण केलं. तेव्हापासून एक उन्हाळा आणि मुंबईचा एक अख्खा पावसाळा त्या ट्रकने घरातल्या काचेच्या कपाटात काढला आहे. या किटच्या जोडणीबद्दल आजवर भरपूर लिहिलं गेलंय. मला लिहायचंय ते त्यावर नंतर चढवलेल्या गोष्टींबद्दल: रंग, वॉश (खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग), ऑइल कलर, पिगमेंट (रंगाची कोरडी पूड) आणि चिखल. यातलं काय टिकलं, आणि रोज समोर दिसत राहूनही काय खरं वाटत राहिलं, ते इतक्या महिन्यांनीच कळतं.

खरी गाडी म्हणजे जीएमसी सीसीकेडब्ल्यू ३५३. सहाही चाकांना ताकद, मागे दोन ॲक्सल, व्हीलबेस १६४ इंच, सहा सिलिंडरचं २७० घनइंची पेट्रोल इंजिन. १९४१ ते १९४५ मध्ये असे साडेपाच लाखांहून जास्त ट्रक बनले. मॉडेल करणारे बहुतेक जण तो नॉर्मंडीतल्या रेड बॉल एक्स्प्रेसचा करतात, म्हणजे ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४४ या काळात आघाडीला पुरवठा करणाऱ्या ताफ्यांतला. मी लेडो रोडचा केला. आसाममधल्या लेडोपासून पटकाई डोंगर ओलांडून, ब्रह्मदेशातून थेट चीनमधल्या कुनमिंगपर्यंत जाणारा हा रस्ता. पहिला ताफा १२ जानेवारी १९४५ ला लेडोहून निघाला आणि ४ फेब्रुवारीला कुनमिंगला पोचला. अंतर साधारण १,७३० किलोमीटर. आपल्या देशातून सुरू होणाऱ्या या रस्त्यावर मॉडेल फार कमी दिसतात, आणि मला ते मनापासून खटकतं.

रस्ता बदलला की सगळी मळवामळव बदलते. फ्रान्समधल्या ट्रकवर फिकट, पिठासारखी धूळ असते. पटकाईत चढउतार, घाटाची वळणं, लालसर-पिवळट चिकट माती आणि न संपणारा पाऊस. म्हणून ब्रश हातात घेण्याआधी मी एवढंच ठरवलं, की हा ट्रक पावसाळा संपता संपता घाट चढून आलाय आणि आता उभा आहे. पुढचा प्रत्येक डाग या एका गोष्टीला धरून टाकला.

जोडणीबद्दल थोडक्यात. भाग नीट बसतात, पुट्टीची गरज फारशी पडत नाही. वेळ जातो तो साच्याच्या रेघा खरवडण्यात, विशेषतः पाट्यांवरच्या (म्हणजे ॲक्सलच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगवरच्या) आणि चेसिसच्या दांड्यांवरच्या. इथे पॉलिश पेपर पोचत नाही, ब्लेडची पाठ हलकी ओढायची. चेसिस जोडताना खाली सपाट काच ठेवा आणि डिंक पूर्ण वाळेपर्यंत उचलू नका. सहा चाकी ट्रकचं एक चाक जरी अधांतरी राहिलं तरी वर कितीही सुंदर रंग केला, नजर तिथेच जाते.

डिटेलिंगला मी महागडे पितळी संच घेतले नाहीत. जुन्या टेलिफोनच्या तारेतल्या तांब्याच्या तारांनी ब्रेकचे पाइप केले, त्याहून बारीक तारेने इंजिनच्या सहा प्लगांच्या वायरी. हौद्याच्या तळाला प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या एकेक करून बसवल्या आणि करवतीच्या पात्याने त्यावर लाकडाचे रेषे ओढले. खऱ्या गाडीचे हौदे आधी पोलादी होते, मग पोलाद वाचवायला लाकडी आले, मग दोन्हींचं मिश्रण. आपला हौदा कुठला हे आधी ठरवणं फार महत्त्वाचं आहे, कारण लाकडी फळीवरचा रंग घासला गेला की खालून करडं लाकूड दिसतं, गंज नाही. चांगल्या चांगल्या मॉडेलांवर लाकडी फळ्यांना गंजाचे ओघळ पाहिले आहेत.

गुंडाळलेली ताडपत्री टिश्यू पेपर आणि पाणी घातलेल्या फेव्हिकॉलची. ओली असतानाच घड्या घालायच्या, दोरा बांधायचा आणि दोन दिवस हात लावायचा नाही. वाळल्यावर ती घडीच्या आतपर्यंत, सगळीकडून रंगवली. दमट हवेत फेव्हिकॉल ओल ओढतो, आणि कागद उघडा राहिला तर त्यावर बुरशी धरते. माझ्या ताडपत्रीवर पावसाळ्यानंतरही एक ठिपका नाही, घड्याही जशाच्या तशा आहेत.

आता रंग. तामियाचा एक्सएफ-६२ ऑलिव्ह ड्रॅब बाटलीतून सरळ मारला तर इतक्या लहान आकारावर तो फार काळपट दिसतो. मी त्यात एक्सएफ-५७ बफ मिसळून दोन फिकट छटा केल्या. गडद छटा खालच्या बाजूंना आणि खाचांत, फिकट बॉनेटवर, केबिनच्या टपावर आणि मडगार्डच्या माथ्यावर. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) ०.३ मि.मी. तोंडाचा, हवेचा दाब १५ ते १८ पीएसआय. पावसाळ्यात रंगवणार असाल तर कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर हवाच, नाहीतर नळीत साठलेलं पाणी मधेच फवाऱ्यातून थुंकल्यासारखं येतं. लॅकरचं वार्निश तर दमट दिवशी मारूच नका, वर पांढुरकी साय धरते. पावसात कापाकापी आणि जोडणी करायची, रंग दिवाळीनंतर, हे वेळापत्रक मुंबई-कोकणात सगळ्यात चांगलं.

डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची छापील चिन्हं) लावण्याआधी चमकदार वार्निशचा थर, मग डेकल मऊ करणारं द्रावण, मग मॅट. अमेरिकन सैन्याची ताऱ्याची खूण आणि नंबर एवढंच ठेवलं. अडीच टनी ट्रकच्या अमेरिकन नोंदणी क्रमांकाचा पहिला आकडा ४ असतो, इतर गाडीचे उरलेले डेकल वापरताना तो तपासा. आजतागायत एकही कडा उचललेली नाही.

ऑइल कलरसाठी मी कॅम्लिनच्या आर्टिस्ट ट्यूब वापरल्या, आणि याबद्दल मला खात्रीने सांगायचंय: मॉडेलच्या नावाने विकल्या जाणाऱ्या लहान बाटल्यांवाचून काहीही अडत नाही. बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना, येलो ऑकर, थोडा पांढरा. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर रंग काढून तासभर ठेवायचा, जास्तीचं तेल पुठ्ठा पिऊन टाकतो आणि रंग वाळल्यावर चमकत नाही. दारावर रंगाचे बारीक ठिपके देऊन, थिनरमध्ये जेमतेम ओलावलेल्या सपाट ब्रशने वरून खाली ओढले, की पावसाच्या पाण्याने वाहत आलेल्या मळाच्या धारा मिळतात. खाली ॲक्रिलिक असल्यामुळे पेट्रोलियम थिनरने मूळ रंग हलत नाही. पांढरा मिसळलेली छटा वाळायला बरेच दिवस घेते, त्यावर घाईने मॅट मारू नये.

एक धोका मात्र आहे. हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन स्वस्त असतं, पण ते तेलकट थर मागे ठेवतं, आणि पाटे-ॲक्सलच्या सांध्यात साचलं तर ताण असलेलं प्लॅस्टिक ठिसूळ होऊन तडकतं. बिनवासाचं आर्टिस्ट थिनर घ्या आणि वॉश ओतू नका, ब्रशच्या टोकाने रेघेत सोडा. खिडकी उघडी आणि तोंडावर वाफ अडवणारा मास्क, हे वेगळं सांगायला नकोच.

रंग उडाल्याच्या खुणांत लोक सगळ्यात जास्त वाहवत जातात. युद्धातल्या ट्रकचं आयुष्य मोजक्या वर्षांचं, आणि तेवढ्यात अख्खा दरवाजा सोलून निघत नाही. रंग जातो तो बूट, हात आणि माल घासतो तिथे: पायरीच्या मधोमध, फाळक्याच्या वरच्या काठावर, दाराच्या मुठीभोवती, हौद्याच्या मागच्या फळ्यांवर. एवढ्याच ठिकाणी स्पंजच्या तुकड्याने हलके ठिपके दिले. समोरचं बंपर आणि मडगार्डच्या कडा यांना थोडंसंच. आज इतक्या महिन्यांनी बघताना यातली एकही खूण जास्तीची वाटत नाही.

आणि आता चिखल, ज्यासाठी मी हा ट्रक केला. कोकणातली माती चाळून घेतली. आधी चहाच्या गाळणीतून, मग मलमलच्या फडक्यातून, कारण १/३५ मध्ये एक मिलिमीटरचा खडा म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचा दगड, आणि असे दगड मडगार्डखाली चिकटून राहत नाहीत. मग ती माती लोखंडी तव्यावर चांगली भाजली, म्हणजे ओल आणि बुरशी दोन्ही जातात. नुसती कोकणची माती फार लाल पडते, म्हणून त्यात पिवळं आणि राखाडी पिगमेंट मिसळलं. बांधायला ॲक्रिलिक मॅट मीडियम. फेव्हिकॉल मुद्दाम टाळला, तो दमट हवेत पुन्हा मऊ पडतो.

चिखल तीन वयांचा असतो. सगळ्यात जुना चेसिसच्या आत, पाट्यांच्या मधे आणि मडगार्डच्या पोटात जाड बसलेला, फिकट, भेगाळलेला. त्यावर मधल्या वयाचा, अर्धा वाळलेला, चाकाने मागे उडवलेला: हा ताठ ब्रशवर घेऊन काडीने टिचकवायचा, आणि चाक जसं फिरतं त्याच दिशेने. शेवटचा ताजा, फक्त टायरच्या खोबणीत आणि मागच्या जोडचाकांच्या फटीत, त्यात एक थेंब चमकदार वार्निश. जोडचाकांची ही फट फार बोलकी जागा आहे. तिथे चिखल घट्ट भरतो, त्यात बारीक पालापाचोळा अडकतो. वाळलेल्या चहापत्तीचा चुरा मी तिथे वापरला आणि तो अजून तसाच आहे. टायरच्या जमिनीला लागणाऱ्या भागावरून मात्र चिखल पुसून काढला. चालता ट्रक तिथली माती रस्त्यावर सोडत जातो.

केबिनच्या काचेवर वायपरच्या पंख्याच्या आकाराची टेप कापून लावली आणि वर मातकट रंगाचा अगदी पातळ फवारा मारला. टेप काढल्यावर ड्रायव्हरला रस्ता जिथून दिसत असेल तेवढाच भाग स्वच्छ राहिला. पाच मिनिटांचं काम आणि ट्रकमध्ये माणूस बसतो याचा सगळ्यात ठळक पुरावा. ड्रायव्हरची आकृती वेगळी घेऊन मी ती कृष्णवर्णीय सैनिकाची रंगवली. लेडो रोडवर काम केलेल्या सुमारे १५,००० अमेरिकन सैनिकांपैकी जवळपास साठ टक्के कृष्णवर्णीय होते, आणि त्यांच्या जोडीला हजारो स्थानिक मजूर. रस्त्याच्या कामात अकराशेवर अमेरिकन गेले, स्थानिक किती गेले त्याची धड मोजदादही नाही. चेहऱ्याला काळा किंवा राखाडी वापरू नका. बर्न्ट अंबरचा पाया, उठावाला बर्न्ट सिएना आणि थोडा ऑकर, म्हणजे कातडीला जिवंत ऊब येते.

पावसाळ्यानंतरचा हिशेब असा. ॲक्रिलिकने बांधलेला चिखल दगडासारखा आहे. ऑइलच्या धारा पूर्ण वाळल्या आहेत, रंग पिवळा पडलेला नाही. नुसत्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने बसवलेलं पिगमेंट बोटाला लागतं, त्यामुळे हात लागणार नाही अशाच जागी ते वापरावं, जसं बॉनेटच्या खाचा किंवा टप. एनॅमल फिक्सरने बसवलेलं घट्ट आहे, पण एक छटा गडद झालंय, तेवढी वाढ धरून रंग आधीच फिकट निवडायचा. ताज्या चिखलाची चमक थोडी मंदावली, वार्निशच्या एका हाताने परत आली. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या होत्या, त्या जुलै-ऑगस्टमध्ये दर पंधरवड्याला बदलाव्या लागल्या.

पहिल्यांदाच ट्रक करणाऱ्याला मी हे किट निःसंकोच सुचवेन, फक्त खर्चाचा क्रम बदला. फोटो-एच (बारीक पितळी भागांचे संच) आणि रेझिनचे टायर नंतर, आधी चांगला दुहेरी क्रियेचा (हवा आणि रंग दोन्ही एकाच बटणाने सोडणारा) एअरब्रश आणि पाणी अडवणारा फिल्टर, मग ऑइल कलरच्या चार ट्यूब, मग मॅट मीडियमची एक मोठी बाटली. टँक करून झालेल्यांनाही सांगेन, ट्रक जरूर करा. टँकची अर्धी खालची बाजू पट्ट्यांमागे लपते, ट्रकमध्ये पाटे, शाफ्ट, ॲक्सल सगळं उघडं असतं आणि प्रत्येकावर माती वेगळी बसते. माझ्या टेबलावर आता डॉज वेपन्स कॅरिअरची चेसिस जोडून वाळतेय. त्याच रस्त्याची, पण ब्रह्मदेशाच्या बाजूने उतरणारी. त्यासाठी माती थोडी जास्त राखाडी लागेल, चाळणं सुरू आहे.