उंचवटा खणायचा की खोलगट बाजू भरायची?

15 फुटी गोल, 4 फूट उंचीचा, फ्रेमवर उभा राहणारा पोहण्याचा पूल पाण्याने भरला की सुमारे 17 टन वजन जमिनीवर बसतं. अंगणाला एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत 6 इंच उतार असेल, तर शक्यतो खणाच.

खणताना मधोमध खुंटी ठोकून दोरीने 17 फूट व्यासाचं वर्तुळ आखा. लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) सर्वांत खालचा बिंदू शोधा आणि बाकी जमीन त्याच पातळीला आणा. माती निघते साधारण अर्धा ब्रास (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट). खालची जमीन न हललेली, म्हणून ती खचत नाही. तोटा एकच: वरच्या बाजूचं पावसाचं पाणी खड्ड्यात उतरतं, तिथे अर्धवर्तुळाकार चर काढावाच लागतो.

भरावाला पाऊण ब्रास मुरूम लागतो. खरी मेहनत ठोकण्यात. 4-4 इंचांचे थर, प्रत्येकावर पाणी मारून धुम्मसाने (ठोकायच्या जड ठोकळ्याने) ठोका. सगळा मुरूम एकदम ओतून वरून ठोकला, तर वरचेच काही इंच घट्ट होतात. पाणी भरल्यावर ती बाजू बसते आणि पूल तिकडे कलतो. भराव पुलाच्या बाहेर दोन फूट तरी न्या. काळ्या मातीचा भराव नकोच, ती भिजून फुगते आणि वाळून भेगाळते. कोकणात वीतभर खाली कातळ लागला, तर मात्र भरावच करावा लागेल.

दोन्हींत वाळू फक्त इंच-दोन इंच, तळाच्या कापडाला खडे टोचू नयेत म्हणून. पातळी वाळूने साधू नका. फ्रेमच्या पायांखाली फरशीचे तुकडे जमिनीच्या पातळीत बसवा.