एमएस्सी आयटी, ओजेटी आणि रिसर्च प्रोजेक्ट : नवी मुंबईतल्या कॉलेजचा माझा रिव्ह्यू (५ पैकी ४)

ॲडमिशन सुरू झाल्या की ओळखीतल्या मुलांचे मेसेज येतात, ताई एमएस्सी आयटी करू की सरळ जॉबला लागू, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते. कॉलेज मुंबई युनिव्हर्सिटीला ॲफिलिएटेड आहे आणि नवी मुंबईत आहे, नाव टाकत नाहीये कारण खाली ऑफिसबद्दल तक्रार आहे आणि माझ्या गाईड मॅडम अजून तिथेच शिकवतात.

आधी पॅटर्न समजून घ्या, कारण ॲडमिशन घेताना हे कोणीच नीट सांगत नाही. नवीन शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात दोन वर्षांच्या पीजीला ८८ क्रेडिट झालेत. पहिल्या सेमला रिसर्च मेथडॉलॉजी ४ क्रेडिट, दुसऱ्या सेमला ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग ४ क्रेडिट, तिसऱ्याला रिसर्च प्रोजेक्ट ४ आणि चौथ्याला परत रिसर्च प्रोजेक्ट ६. ओजेटीचे ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. एकूण १८ क्रेडिट याच भानगडीत जातात, म्हणजे कोर्सचा पाचवा हिस्सा. पण कागदावर ओजेटी वेगळं आणि रिसर्च वेगळा, त्यामुळे बहुतेक जण ओजेटीला कुठेतरी वेबसाईट बनवतात आणि रिसर्चला नेटवरचा तयार डेटासेट उचलतात, दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो.

आमच्या मॅडमनी तसं करू दिलं नाही. ओजेटीला जाताना म्हणाल्या, बाळ एक वही ने आणि तिथल्या लोकांना रोज कशाचा वैताग येतो ते लिहून आण, प्रोजेक्टचा प्रश्न त्यातूनच काढायचा. माझ्यासाठी अख्ख्या कोर्समधली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

मला कंपनी मिळाली महापेला, ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी आणि उरणच्या बाजूच्या कंटेनर यार्डांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी. मला बसवलं हेल्पडेस्कवर. सुरुवातीला वाटलं इथे काय रिसर्च होणार, पण तिकिटं, म्हणजे ग्राहकांनी पाठवलेल्या तक्रारी, वाचायला लागले आणि डोकं चक्रावलं. ड्रायव्हर, गेटवरचे क्लार्क, गोडाऊनची माणसं मराठी-हिंदी-इंग्लिश मिक्स करून रोमन अक्षरात टाइप करतात, 'गाडी गेटपे खडी है, ईवे बिल एक्स्पायर दाखवतंय, जल्दी करा' असं. आणि एकट्या कंटेनर शब्दाची स्पेलिंगं किती प्रकारची! ही सगळी तिकिटं हेल्पडेस्कची दोन मुलं हाताने वाचून योग्य टीमकडे ढकलायची.

यातली ई-वे बिलाची, म्हणजे माल रस्त्याने नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाईन कागदाची, तिकिटं सगळ्यात नाजूक. साध्या मालाला २०० किलोमीटरपर्यंत एक दिवसाची मुदत असते, म्हणजे उरणहून भिवंडीला निघालेली गाडी यार्डाच्या लाईनमध्येच अडकून पडली की मुदत संपलीच समजा. मुदत वाढवता येते, पण संपायच्या आधी ८ तास ते संपल्यावर ८ तास एवढीच खिडकी. तेवढ्यात तिकीट चुकून अकाउंट्सवाल्यांकडे जाऊन पडलं की गाडी रस्त्यावर आणि पार्टीचा फोन. माझा प्रोजेक्ट इथेच सापडला, तिकीट आपोआप योग्य टीमकडे पाठवणं.

आता डेटाचं. एनडीए, म्हणजे कंपनीची माहिती बाहेर न देण्याचा करार, सही केलेला, तिकिटांमध्ये लोकांची नावं, मोबाईल नंबर, गाडी नंबर सगळं उघडं पडलेलं. कंपनीतल्या सिनियर दादांनी स्पष्ट सांगितलं की हे मास्क केल्याशिवाय, म्हणजे झाकल्याशिवाय, एक ओळ बाहेर जाणार नाही. बरोबरच आहे, २०२३ चा डेटा प्रोटेक्शनचा कायदा पण आलाय. मास्किंग म्हणजे मला दोन तासांचं काम वाटलेलं, पण मोबाईल १० आकडी आणि ई-वे बिल नंबर १२ आकडी, त्यामुळे रेजेक्स (मजकुरातला ठराविक नमुना शोधणारा कोड) साधा लिहिला तर बिलाचे पहिले १० आकडे मोबाईल म्हणून खाऊन टाकतो आणि मागे दोन आकडे लोंबकळत राहतात. कंटेनर नंबरला ४ अक्षरं आणि ७ आकडे, गाडीचं एमएच ४३ कोणी जोडून लिहितं, कोणी डॅश टाकतं. हे सगळं धरायला जो वेळ गेला ना, त्यातून मी जे शिकले ते कुठल्याच लेक्चरला शिकवत नाहीत.

मग मॅडम आणि दादा यांच्या मधली ओढाताण, ही मला खूप आवडली. कंपनीला लवकर चालणारं काहीतरी हवं होतं, मॅडमना पुरावा हवा होता. मी ॲक्युरसी, म्हणजे एकूण किती टक्के तिकिटं बरोबर ओळखली तो आकडा, दाखवली तर मॅडम म्हणाल्या, शंभरातली ऐंशी तिकिटं पासवर्ड रीसेटची असतील तर सगळ्यांना पासवर्ड म्हणणारं मॉडेलसुद्धा ८० टक्के मिळवेल, मला ई-वे बिलाच्या तिकिटांमधली किती पकडलीस ते सांग. दुसरं, डेटा रँडम फोडायचा नाही, तारखेने फोडायचा. कारण सर्व्हर पडला की एकाच दिवशी सारखीच पन्नास तिकिटं येतात, त्यातली निम्मी ट्रेनिंगमध्ये आणि निम्मी टेस्टमध्ये गेली तर मॉडेलने उत्तर आधीच बघितलेलं असतं. जुन्या महिन्यांवर शिकव, नंतरच्या महिन्यावर तपास. आकडे खाली आले, पण नंतर कंपनीत प्रत्यक्ष चालवून बघितलं तेव्हा तसेच टिकले, आणि दादांनी स्वतः मॅडमना फोन करून हे सांगितलं.

मॉडेल दोन लावली, एक साधं, टीएफ-आयडीएफ (कुठला तुकडा किती महत्त्वाचा ते मोजून काढायची पद्धत) अक्षरांच्या तुकड्यांवर, आणि दुसरं गुगलच्या भारतातल्या टीमचं म्युरिल हे तयार भाषा-मॉडेल, जे १७ भाषांवर आणि रोमनमध्ये लिहिलेल्या आपल्या भाषांवर पण ट्रेन केलेलं आहे. कोलॅबवर (गुगलची ऑनलाईन कोड चालवायची सोय) डेटा चढवायला परवानगी नव्हती म्हणून कॉलेजच्या लॅबमधल्या एकाच चांगल्या मशीनवर रांग लावून चालवलं. म्युरिल पुढे होतं पण फार नाही, स्पेलिंगची मोडतोड अक्षरांचे तुकडे बऱ्यापैकी सांभाळून घेतात, आणि कंपनीच्या सर्व्हरला जीपीयू (मोठी मॉडेल वेगाने चालवणारी चिप) नाही म्हणून तिथे साधंच लागलं. रिपोर्टमध्ये हे जसंच्या तसं लिहिलं आणि व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी सगळ्यात जास्त प्रश्न यावरच विचारले.

एक स्टार कापला तो ऑफिससाठी. ओजेटीचं लेटर वेळेवर देत नाहीत, कंपनीची एचआर रोज मेल करते आणि इकडे सही राहिलीय म्हणून परत पाठवतात. टाय-अप आहेत असं माहितीपत्रकात छापलंय, प्रत्यक्षात कंपनी मुलांनीच शोधायची. माझ्या बॅचमध्ये काहींनी पैसे भरून ऑनलाईन इंटर्नशिपचं सर्टिफिकेट आणलं आणि ते चालवून पण घेतलं, हे मला मनापासून खटकलं, कारण तीच हुशार मुलं चौथ्या सेमला विषय शोधत फिरत होती. पेपर छापायच्या मागे पण लागू नका, फी घेऊन आठवड्यात छापून देणारी जर्नल खूप आहेत, युनिव्हर्सिटीला रिपोर्ट लागतो आणि त्यात प्लेजरिझम १० टक्क्यांच्या आत लागतं, तेवढं सांभाळा.

स्टायपेंड मला नव्हता, फक्त जायचा-यायचा खर्च मिळाला. ठाण्याहून येणाऱ्यांना ९-१० नंबरवरून ट्रान्सहार्बर, कोपरखैरणेला उतरून रिक्षा, पावसाळ्यात महापेच्या रस्त्याला वेळ धरून निघा.

ॲडमिशनला गेलात की फॉर्म भरायच्या आधी डिपार्टमेंटमध्ये जा आणि मागच्या बॅचचे रिसर्च प्रोजेक्टचे रिपोर्ट बघायला मागा. त्यात डेटा कुठून आणला ते पान उघडा. सगळ्यांचा डेटा नेटवरून उतरवलेला असेल तर त्या कॉलेजात ओजेटी फक्त सहीपुरतं आहे. आणि गाईड कोण मिळणार, एका गाईडकडे किती मुलं असतात, हे सिनियरना विचारा, ऑफिसला नाही.