व्हर्च्युअलबॉक्समध्ये फ्रीबीएसडी: काही महिने वापरल्यावर नेटवर्कबद्दल

लिनक्स लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) आणि त्यात फ्रीबीएसडी १४ (युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टिम), हे गेले काही महिने माझं रोजच्या कामाचं मशीन आहे. डिस्क, मेमरी, पॅकेजेस, कशाचीच तक्रार नाही. अडतं ते नेटवर्कपाशी, आणि तेही बहुतेक वेळा फ्रीबीएसडीमुळे नाही, तर गेस्ट (आतलं आभासी मशीन; बाहेरचा लॅपटॉप तो होस्ट) नेटवर्कला कुठल्या मोडमध्ये जोडलाय त्यामुळे.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला डीएनएसने, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेने. घरी सगळं व्यवस्थित, पण ऑफिसला लॅपटॉप उघडला की 'पीकेजी अपडेट' (पॅकेजेसची यादी ताजी करणारी आज्ञा) अडकून बसायचं. १.१.१.१ ला पिंग जातंय, नाव दिलं की उत्तर नाही. रिझॉल्व्ह.कॉन्फ (डीएनएस सर्व्हरचे पत्ते असलेली फाइल) उघडून पाहिली तर त्यात १९२.१६८.१.१, म्हणजे घरच्या राउटरचा पत्ता! नॅट मोडमध्ये (गेस्ट होस्टच्या जोडणीआडून बाहेर जातो तो) व्हर्च्युअलबॉक्स होस्टचेच डीएनएस सर्व्हर डीएचसीपीतून (पत्ते आपोआप वाटणाऱ्या यंत्रणेतून) गेस्टला देतं, आणि होस्टने वायफाय बदललं की ते पत्ते शिळे होऊ शकतात. गेस्ट बंद करून व्हीबॉक्समॅनेजने (व्हर्च्युअलबॉक्सच्या कमांड-लाइन साधनाने) 'नॅटडीएनएसहोस्टरिझॉल्व्हर१' ऑन केलं. आता गेस्टला १०.०.२.३ मिळतं आणि नाव शोधायचं काम होस्ट करतो. घर, ऑफिस, फोनचा हॉटस्पॉट, कुठेही त्यानंतर हात लावावा लागलेला नाही. लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्याने हे पहिल्याच दिवशी करून टाकावं.

ब्रिज्ड मोड (गेस्ट थेट नेटवर्कवर वेगळ्या मशीनसारखा बसतो तो) केबलवर उत्तम चालतो. वायफायवर मात्र मी तो सोडून दिला. अॅक्सेस पॉइंटला एका जोडणीमागे एकच मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) अपेक्षित असतो. व्हर्च्युअलबॉक्स गेस्टची पॅकेट्स होस्टच्या मॅकने पाठवून वाट काढतं, पण प्रत्येक नेटवर्कवर ते जमेलच असं नाही. ऑफिसच्या वायफायवर डीएचक्लायंट (डीएचसीपीकडे पत्ता मागणारा प्रोग्राम) 'डीएचसीपीडिस्कव्हर'च्या ओळी छापत राहतो, पुढे 'नो डीएचसीपीऑफर्स रिसीव्ह्ड', आणि विषय संपला.

माझ्याकडे टिकलेली मांडणी अशी: पहिलं अॅडॅप्टर नॅट, दुसरं होस्ट-ओन्ली (फक्त होस्ट आणि गेस्टमधलं नेटवर्क). आरसी.कॉन्फमध्ये (फ्रीबीएसडीची सेटिंगची फाइल) ईएम० ला, म्हणजे पहिल्या अॅडॅप्टरला, डीएचसीपी आणि ईएम१ ला, म्हणजे दुसऱ्याला, स्थिर पत्ता १९२.१६८.५६.१०. बाहेरचं इंटरनेट पहिल्यावरून, होस्टवरून एसएसएच (नेटवर्कवरून गेस्टमध्ये लॉगिन) दुसऱ्यावरून. ईएम१ ला गेटवे (बाहेर जायच्या मार्गाचा पत्ता) मुळीच देऊ नका. दुसरं अॅडॅप्टर नकोच असेल तर होस्टचं पोर्ट २२२२ गेस्टच्या २२ वर फॉरवर्ड केलं तरी भागतं.

काही बिघडलं की मी खालून वर जातो. आधी आयएफकॉन्फिग (नेटवर्क कार्डांची स्थिती दाखवणारी आज्ञा): 'नो कॅरियर' दिसलं तर सेटिंगमधली 'केबल कनेक्टेड'ची खूण गेलेली असते, बाकी शोधाशोध व्यर्थ. मग पत्ता १०.०.२.१५ आहे का, नेटस्टॅटमध्ये (मार्ग दाखवणारी आज्ञा) डीफॉल्ट मार्ग १०.०.२.२ कडे जातोय का, आणि सगळ्यात शेवटी नावं. टीसीपीडम्प (जाणारी-येणारी पॅकेट्स दाखवणारं साधन) एका खिडकीत चालू ठेवलं की पॅकेट बाहेर पडतंय की नाही हे डोळ्यांनी दिसतं. अंदाज बांधत बसावं लागत नाही.

वेगासाठी इंटेलचं कार्ड बदलून व्हर्टआयओ (आभासी मशीनसाठीच बनवलेलं कार्ड) घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं: इंटरफेसचं नावच बदलतं. ईएम० चं व्हीटीनेट० होतं, आरसी.कॉन्फमधली जुनी ओळ कुणालाच लागू होत नाही आणि मशीन गुपचूप बिनपत्त्याचं उठतं. त्या फाइलमध्ये 'आयएफकॉन्फिग_डीफॉल्ट' ला डीएचसीपी दिलं की ज्या कार्डासाठी वेगळी ओळ नाही त्यालाही पत्ता मिळतो.

दोन गेस्ट एकमेकांशी बोलायला हवे असतील तर साधं नॅट उपयोगाचं नाही, कारण प्रत्येकाचं नॅट स्वतंत्र असतं आणि दोघांनाही १०.०.२.१५ च मिळतं. 'नॅट नेटवर्क' निवडा. आणि क्लोन (गेस्टची प्रत) करताना नवीन मॅक पत्ते तयार करण्याचा पर्याय घ्या, नाहीतर तिथेही दोघं एकाच पत्त्यासाठी भांडतील.