सबव्हर्जन: प्रकल्पनिहाय फाइलींची मांडणी

अनेक प्रकल्प एकाच रिपॉझिटरीत (फाइली आणि त्यांचा इतिहास साठवणाऱ्या भांडारात) सांभाळायचे असतील, तर २००४ साली १.० आवृत्ती आलेले सबव्हर्जन हे फाइलींतील बदलांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर आजही विचारात घेण्याजोगे आहे. येथे प्रकल्प म्हणजे केवळ एक फोल्डर असतो; त्यात ट्रंक (मुख्य काम), ब्रँचेस (समांतर चालणारे काम) आणि टॅग्ज (ठरावीक टप्प्यांच्या जपून ठेवलेल्या प्रती) असे तीन उपफोल्डर ठेवणे हा नियम नसून संकेत आहे, त्यामुळे सुरुवातीची रचना पुढे अपुरी पडली तरी ती बदलता येते आणि, हलवण्याचे काम सबव्हर्जनच्याच आदेशाने केले असेल तर, फाइलीचा इतिहासही टिकतो. मला सर्वांत मोलाची वाटते ती हवा तेवढाच फोल्डर चेकआउट करण्याची, म्हणजे आपल्या संगणकावर उतरवून घेण्याची, सोय. फोल्डरनिहाय परवानग्याही देता येतात, जे गिट या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मुळातून शक्य नाही.

प्रत्येक नोंदवलेल्या बदलागणिक वाढणारा आवृत्ती क्रमांक मात्र संपूर्ण रिपॉझिटरीसाठी एकच असल्याने, एका प्रकल्पातील बदलाने सर्वांचाच क्रमांक पुढे सरकतो. नवख्यांना हे गोंधळात टाकते, पण काम अडत नाही. खरी काळजी सामाईक फाइलींची घ्यावी लागते. एक्स्टर्नल्स (दुसरीकडच्या फाइली आपल्या प्रकल्पात जोडण्याची सबव्हर्जनची सोय) वापरून त्या दुसऱ्या प्रकल्पात जोडताना आवृत्ती क्रमांक निश्चित केला नाही, तर जुन्या टॅगमध्येही नवीन फाइली येतात आणि पूर्वीचे बिल्ड (त्या फाइलींपासून तयार केलेले सॉफ्टवेअर) जसेच्या तसे पुन्हा तयार करता येईल याची खात्री उरत नाही.